कवितेतून आपलं लहानपण, तेही मुलांसाठी? या चुका टाळा

आपलं लहानपण कवितांतून सांगायचं ठरलं की बहुतेकांचा हात आधी जन्मतारखेकडे जातो. ‘करवीर तालुक्यातल्या एका खेड्यात माझा जन्म झाला...’ दहा वर्षांचं पोर तिथंच पुस्तक मिटतं. घरात काहीतरी बिनसलं होतं, असा एखादा दिवस धरा आणि तिथून सुरू करा.

कविता सगळ्यात जास्त बिघडते ती मोठेपणीच्या शहाणपणानं. समजा, तुम्ही कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीकडचे आणि २००५ चा महापूर सांगायचाय. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, हे तुम्हाला आज ठाऊक आहे. तेव्हाच्या तुमच्यातल्या पोराला फक्त आपल्या घराची पायरी ठाऊक होती. ‘निसर्गापुढे माणूस किती हतबल’ ही ओळ खोडा. मग उरेल ते असं काहीतरी:

पाणी तिसऱ्या पायरीला लागलं.
आजी ओरडली, म्हसरं सोडा रं!
दादानं कोंबड्या डालग्यात भरल्या,
मी दप्तर माळ्यावर फेकलं.
गृहपाठ राहिला होता.
बरंच झालं.

याखाली ‘मी खूप घाबरलो होतो’ असं लिहिलंत की मजाही गेली आणि भीतीही. आजीला प्रमाण मराठीत ओरडायला लावू नका. तळटीपाही नकोत.

यमकाचा सोस आवरा. पंचगंगा आली की पाठोपाठ दंगा येतो, मग पंगा, आणि पूर राहतो बाजूला. यमक हवंच असेल तर ग्रांथिक ओवीची चाल बघा: पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. गोष्ट पुढे सरकवायला तो मोकळा चरण फार कामाचा.

उलट रोगही आहे: गद्यच तोडून एकाखाली एक लावायचं. सगळ्या ओळी सलग लिहून वाचा. काहीच हरवत नसेल, तर ते गद्यच राहू द्या.

वाटणी, दारू, कर्ज यांवरच्या कविता त्या माणसांना आधी वाचून दाखवा. मुलांचं पुस्तक म्हणून कुणाची लाज कमी होत नाही. ताईला तोच दिवस वेगळा आठवत असेल, तर तिचा आक्षेपही कवितेत येऊ द्या.

शेवटी पाचवीच्या एखाद्या वर्गात मोठ्यानं वाचा. आवडलं का, असं विचारू नका. पोरं बाईंकडे बघून ‘छान’ म्हणतात. चुळबुळ सुरू झाली त्या ओळीशी पेन्सिलीनं खूण करा, आणि ‘मग?’ असं कुणी विचारलं तिथंही.