पऱ्हाटीचा हंगाम: ट्रॉली जुंपण्याआधी

विदर्भात पऱ्हाटीला, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या कपाशीच्या झाडांना, शेतात फारशी किंमत नसते. ब्रिकेट (दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) कारखान्याच्या वजनकाट्यावर ती महाग पडते ती उपटणी, हमाली आणि भाड्यामुळे. म्हणून पऱ्हाटी गोळा करून कारखान्याला द्यायची असेल तर शेवटची वेचणी चालू असतानाच तयारीला लागा.

आधी शिवार धरा. दहा गावांत एकेक शेत बोलून ठेवण्यापेक्षा लागून असलेल्या दोन-तीन गावांतली सलग शेतं बरी. श्रेडर (पऱ्हाटीचे बारीक तुकडे, म्हणजे कुट्टी, करणारं यंत्र) सारखा हलवला की डिझेल आणि दिवस दोन्ही जातात. ट्रॉली कुठल्या धुऱ्यावरून (बांधावरून) निघेल, वाटेत कुणाचा हरभरा उभा आहे का, तेही पाहून घ्या. वेचणी आटोपली की शेळ्या-मेंढ्या सोडायला सांगा. उरलीसुरली बोंडं त्या खातात, आणि गुलाबी बोंडअळी असते ती त्यातच.

खरा पैसा जातो ओलाव्यात. ताज्या उपटलेल्या पऱ्हाटीत निम्म्याच्या आसपास पाणी असतं; ब्रिकेटला साधारण १० टक्के लागतं. ३० टक्के ओलाव्याचा १० टन माल तेवढा वाळला की पावणेआठ टन उरतो, म्हणजे सव्वादोन टन पाण्याचं भाडं आपण भरलेलं असतं. तेव्हा आधी शेतातच पसरून वाळू द्या, मग कुट्टी करा. ओली कुट्टी ढिगात तापते, बुरशी धरते. ओलावामापक जवळ ठेवा आणि भाव ओलाव्यासकट लिहून घ्या, नाहीतर काट्यावर वाद ठरलेला. मात्र वाळवण्याच्या नावाखाली गंजी पावसाळ्यापर्यंत ठेवू नका. अळी पुढच्या कपाशीवर हजर.

मुळं आपटून माती झाडायला मजुरांना बजावून ठेवा. ही माती ब्रिकेट दाबणाऱ्या प्रेसची डाय (साचा) घासून खाते. ठिबकच्या नळ्या, सुतळी, दगड शेतातच वेगळे काढा.

अख्खी पऱ्हाटी ट्रॉलीभर दिसते, पण वजन भरत नाही. त्यामुळे श्रेडर कारखान्यात नको, शेताच्या तोंडाशी हवा, आणि कुट्टी थेट ट्रॉलीत पडायला हवी. जमिनीवर टाकून टोपल्यांनी पुन्हा भरायची म्हणजे दुप्पट मजुरी, वर पुन्हा माती. ट्रॉलीला जाळीचे उंच कठडे लावा (वाटेतल्या विजेच्या तारा बघून). डम्पिंग ट्रॉली मिळाली तर उतरवण्याची हमालीही वाचते.

कारखाना लांब असेल तर माल साठवायला पक्क्या रस्त्यालगत उंचवट्याची जागा घ्या. ताडपत्री, पाण्याची टाकी, विमा आणि दोन ढिगांमध्ये टँकर फिरेल एवढी वाट, एवढं हवंच. परतीच्या फेरीला शेणखत, ढेप काही मिळतं का तेही विचारून ठेवा. निदान डिझेल तरी निघेल.