कॅज्युअल्टीतला ओव्हर: टेबलापाशी नको, खाटेजवळ द्या

सकाळी ८, दुपारी २, रात्री ८. ड्यूटी बदलते म्हणून कॅज्युअल्टीची, म्हणजे तातडीच्या विभागाची, गर्दी थांबत नाही. त्यामुळे ओव्हर (पेशंट पुढच्या ड्यूटीकडे सोपवणं) घेणाऱ्याने १५ मिनिटं आधी यावं आणि एका सिस्टरने ट्रायज (कोणाला आधी पाहायचं हे ठरवणं) व फोन सांभाळावा. आधी डोकी मोजा. एक्स-रेला गेलेला पेशंट ओव्हरमधून हमखास सुटतो.

खाटेच्या नंबराने जाऊ नका. व्हेंटिलेटर, इनोट्रोप (हृदय व बीपीला आधार देणारी औषधं), विषबाधा, झटके आधी. टाके घालून घरी जाणाऱ्याला दोन वाक्यं पुरतात.

हातावरच्या पट्टीवरून नाव वाचा. मग तक्रार, ॲलर्जी, शेवटचे व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास वगैरे) वेळेसकट सांगा. खरा ओव्हर त्यानंतरचा: काय बाकी आहे आणि किती वाजता. समजा घोणस चावलेल्या पेशंटच्या एएसव्हीच्या (सापाच्या विषावरच्या लसीच्या) १० वायल दुपारी १ ला संपल्या. "एएसव्ही झालं" एवढ्यावर भागत नाही. "७ वाजता क्लॉटिंग टेस्ट, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये २ एमएल रक्त, २० मिनिटं हलवायचं नाही" असं सांगा. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली ट्यूब घेतली तर रक्त उशिरा गोठतं आणि रिझल्ट फसवा येतो.

आपल्या बोलण्यातच काही खड्डे आहेत. "इंजेक्शन सांगितलंय" म्हणजे डॉक्टरांनी लिहिलंय की देऊन झालंय? "ब्लड पाठवलंय" म्हणजे तपासणीला, की रक्ताच्या पिशवीसाठी क्रॉसमॅचला (रक्त जुळवायला)? "दिलं, इतक्या वाजता" किंवा "द्यायचंय" एवढंच बोला. डोस न देता राहणं आणि दोनदा जाणं, दोन्ही या एका शब्दावरून होतं.

औषधाचा सिरिंज पंप चालू असेल तर नुसता एमएलचा आकडा घेऊ नका. ५० एमएलमध्ये नॉरॲड (बीपी वाढवणारं नॉरॲड्रेनलिन) ४ एमजी आहे की ८, हे सिरिंजवरच्या लेबलवर दोघींनी वाचा; त्याच स्पीडला डोस दुप्पट होतो. मग पिशवीपासून कॅन्युलापर्यंत (शिरेतल्या सुईपर्यंत) नळीवर हात फिरवा. बंद राहिलेला थ्री-वे (नळीवरची तोटी) किंवा सुजलेला हात तेव्हाच सापडतो.

एचआयव्ही किंवा अत्याचाराची केस असेल तर नातेवाइकांसमोर बोलू नका, कागदावर बोट ठेवा. एमएलसीत (पोलीस केसमध्ये) सीलबंद कपडे, पोट धुतलेल्या पाण्याचा नमुना, पोलिसांची पोचपावती वस्तू मोजून द्या.

घेणाऱ्याने बाकी कामं वेळेसकट परत म्हणून दाखवावीत. हे सगळ्यात जास्त टाळलं जातं, कारण घरी जायची घाई दोघींनाही कळते.

शेवटी क्रॅश कार्टचं (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीचं) सील, सक्शन चालू करून, नार्कोटिक्सची (मॉर्फिनसारख्या औषधांची) मोजणी आणि ऑक्सिजन तपासा. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतात. मिनिटाला १० लिटरने अडीच तास. अर्ध्या काट्यावरचा सिलिंडर घेऊन पेशंट सीटीला पाठवायचा असेल तर आधी हा हिशोब करा. सीपीआर चालू असेल तर ओव्हर थांबवा. जुनी ड्यूटी सीपीआर संपेपर्यंत हलत नाही, सही त्यानंतर.