सी प्रोग्रॅममध्येच वेब सर्व्हर कसा बसवायचा

वजनकाट्याचं वजन सिरियल पोर्टवरून वाचणारा सी प्रोग्रॅम तयार आहे आणि आता ते वजन ब्राउझरमध्ये दाखवायचंय. एवढ्यासाठी अपाची किंवा एनजिनएक्ससारखा वेगळा वेब सर्व्हर लागत नाही. मंगूस ही वेब सर्व्हरची लायब्ररी दोनच फाइलींची आहे: मंगूस.सी आणि मंगूस.एच. त्या सोर्स फोल्डरमध्ये टाकून आपल्या कोडबरोबर कंपाइल करा. विंडोजवर डब्ल्यूएस2_32 ही नेटवर्कची लायब्ररी लिंक करावी लागते.

त्याआधी परवाना बघा. 2013 पासून मंगूस जीपीएल 2 (उत्पादनाबरोबर सोर्सही द्यायला लावणारा परवाना) किंवा विकतचा व्यावसायिक परवाना अशी मिळते. सोर्स न देता उत्पादन विकणार असाल, तर परवाना विकत घ्या किंवा जुन्या, एमआयटी या मोकळ्या परवान्याच्या मंगूसमधून निघालेली सिव्हेटवेब वापरा. दोन्हींची फंक्शन्स वेगळी आहेत. त्यामुळे हे उशिरा कळलं तर सर्व्हरचा भाग नव्याने लिहावा लागतो.

मुख्य फंक्शनमध्ये आधी एमजी_एमजीआर_इनिट, मग एमजी_एचटीटीपी_लिसन, आणि शेवटी लूपमध्ये 100 मिलिसेकंदांच्या मुदतीने एमजी_एमजीआर_पोल. लिसनला पत्ता 127.0.0.1:8000 असा द्या. 0.0.0.0 दिलात तर नेटवर्कवरच्या कोणत्याही मशीनला तुमचा काटा उघडा होतो. पोर्ट आधीच कोणी घेतला असेल तर लिसन नल परत करतं; ते तपासलं नाही तर प्रोग्रॅम तसाच चालत राहतो आणि पान मात्र उघडत नाही. पोर्ट 0 दिला तर ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट निवडते. तो कनेक्शनच्या loc.port मधून वाचताना एमजी_एनटीओएचएस लावा, नाहीतर बाइट उलटे येतात आणि 8000 च्या जागी 16415 दिसतो.

हँडलर, म्हणजे लिसनला दिलेलं आपलं फंक्शन, प्रत्येक इव्हेंटला बोलावला जातो, फक्त विनंती आल्यावर नाही. म्हणून पहिली ओळ इव्हेंट एमजी_ईव्ही_एचटीटीपी_एमएसजी आहे का, हे तपासणारी हवी. इव्हेंटनुसार सोबतच्या डेटाचा प्रकार बदलतो. न तपासता कास्ट केलं की क्रॅश. उत्तर एमजी_एचटीटीपी_रिप्लायने द्या. त्यात हेडर दिलात तर शेवटी सीआर-एलएफ (\r\n) हवंच. ते राहिलं की उत्तराची घडी मोडते. आणि मंगूसच्या स्ट्रिंगच्या शेवटी शून्य बाइट नसतो. यूआरएल साध्या टक्का-एसने छापली तर तिच्यामागे अख्खी विनंती बाहेर पडते. लांबी वेगळी देणारा ‘टक्का, टिंब, तारा, एस’ (%.*s) हा प्रकार वापरा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते थ्रेडपाशी, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांपाशी. मंगूसचं सगळं काम पोलमध्ये, एकाच थ्रेडवर होतं. हँडलरमध्ये सिरियल पोर्ट वाचायला बसलात आणि काट्याने दोन सेकंद काही पाठवलं नाही, तर तेवढा वेळ प्रत्येक ब्राउझर ताटकळतो. सिरियल वाचन वेगळ्या थ्रेडला द्या. ताजं वजन म्युटेक्सच्या (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाच्या) आड एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि हँडलरमध्ये कुलूप फक्त ते कॉपी करण्यापुरतं घ्या. त्या थ्रेडमधून मंगूसचं उत्तर देणारं फंक्शन थेट बोलावू नका. वेबसॉकेटवर, म्हणजे ब्राउझरशी उघड्या राहणाऱ्या कनेक्शनवर, वजन ढकलायचं असेल तर मंगूसच्या थ्रेडला निरोप देणारं एमजी_वेकअप वापरा. त्याआधी एकदा एमजी_वेकअप_इनिट लागतं.

लूपबॅकवर (127.0.0.1, म्हणजे त्याच मशीनपुरतं) आहे म्हणजे सुरक्षित, असं मानू नका. त्याच ब्राउझरमध्ये उघडलेली परकी साइटसुद्धा 127.0.0.1 ला विनंती पाठवू शकते. होस्ट हेडरमध्ये नेमका आपलाच पत्ता आणि पोर्ट नसेल तर 403 (परवानगी नाही) द्या. काटा शून्यावर आणण्यासारखी कृती एचटीटीपीच्या GET विनंतीवर कधीच ठेवू नका. POST घ्या आणि प्रोग्रॅम सुरू होताना तयार केलेलं रँडम टोकन स्वतंत्र हेडरमध्ये मागा.

एचटीएमएल फाइलींना सापेक्ष पाथ दिला तर टर्मिनलमधून सगळं चालतं, आणि सर्व्हिस म्हणून सुरू केलं की 404 (पान सापडलं नाही) येतो, कारण चालू फोल्डर बदललेला असतो. पूर्ण पाथ द्या, किंवा मंगूसच्या पॅक्ड फाइलसिस्टिमने पानं एक्झिक्युटेबलमध्येच भरा. बंद करताना सिग्नल हँडलरमध्ये फक्त लूप थांबवणारा फ्लॅग बदला. एमजी_एमजीआर_फ्री लूप संपल्यावर.