टीव्ही युनिटमधल्या एलईडी पट्ट्या: सनमायका लागण्याआधीची तयारी

टीव्ही युनिटमध्ये लाइट लावायचं ठरलं की आपण आधी दुकानात रंग बघायला जातो. पण लाइट कसा दिसणार हे ठरतं सुताराच्या कामात. म्हणून पट्टीची खाच, वायरची वाट आणि ड्रायव्हरची, म्हणजे घरची वीज पट्टीला चालेल इतक्या कमी व्होल्टवर आणणाऱ्या डबीची, जागा उघड्या प्लायवरच पेन्सिलीने आखून घ्या. सनमायका लागल्यावर भोक पाडायला गेलं की कडा उडतात.

खाचेची जागा उभ्याने ठरवू नका. सोफ्यावर नेहमीच्या जागी बसून बघा. पट्टी थेट डोळ्यांत येता कामा नये. उघड्या फळीला ती खालून, पुढच्या कडेच्या जरा आत आणि मागे उजेड टाकणारी असली की चांगली दिसते. चकचकीत सनमायकात मात्र पट्टीतल्या दिव्यांचा एकेक ठिपका उमटतो. तिथे दुधी झाकणाचं ॲल्युमिनियम प्रोफाइल (पट्टी बसवायची पन्हळ) आणि सलग उजेडाची सीओबी पट्टी घ्याच. प्रोफाइल आधी आणून सुताराच्या हातात द्या, म्हणजे खाच त्याच मापाची निघेल. पट्टीची उष्णताही ते ओढून घेतं. नुसत्या कच्च्या प्लायवर पट्टीचा गोंद फार दिवस धरत नाही, त्यात ठाण्याचा पावसाळा.

आता हिशेब. समजा एकूण 4 मीटर पट्टी आणि मीटरला 9.6 वॅट, म्हणजे साधारण 38 वॅट. ड्रायव्हर काठोकाठ घेऊ नका, निदान वीस टक्के जास्तीचा हवा. इथे 12 व्होल्टचा 60 वॅटचा घ्या. लांबी 5 मीटरच्या पुढे गेली तर टोकाकडे उजेड मंदावतो. तेव्हा दोन्ही टोकांना वीज द्या किंवा 24 व्होल्टची पट्टी निवडा. ड्रायव्हर सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर नको. त्याला हवा लागते, आणि तो बिघडला तर युनिट न उचकटता हात पोचायला हवा. युनिट बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीला असेल तर तो भिंतीपासून लांबच ठेवा. 230 व्होल्टची जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच, स्वतंत्र स्विचवर.

रंगाचं माझं मत स्पष्ट आहे: फळ्यांना 3000 केल्विनचा उबदार उजेड, टीव्हीच्या मागे 6500 केल्विनचा मंद. मागचा उजेड पांढरा असला की पडद्यावरचे रंग खरे दिसतात आणि अंधारात डोळे कमी शिणतात. ही मागची पट्टी टीव्हीच्या यूएसबीवर चालवायची असेल तर आधी वॅट बघा. साध्या यूएसबी 2.0 पोर्टमधून 2.5 वॅटच मिळतात.

एका रंगाची सगळी पट्टी एकाच रोलमधून घ्या, दुसऱ्या रोलची छटा कधीकधी वेगळी निघते. चिकटवण्याआधी सगळं जमिनीवर जोडून संध्याकाळभर चालू ठेवा. कात्री लावायची ती फक्त छापलेल्या खुणेवर. आणि ड्रिलचा आवाज होणार, तेव्हा सोसायटीत कामाच्या वेळा आधीच विचारून ठेवा.