उघड्या एमजीबीचा गंजलेला फ्लोअर बदलताना

एमजीबी म्हणजे इंग्लंडची दोन सीटची जुनी स्पोर्ट्स गाडी. तिचा फ्लोअर गेलाय असं कळलं की मालक आधी चांगला वेल्डर शोधायला लागतात. वेल्डिंग या कामात सगळ्यात शेवटी येतं आणि तुलनेने सोपं असतं. खरं काम आहे मापाचं आणि आधाराचं.

कारण या गाडीला वेगळी चॅसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. आपल्याकडची स्टँडर्ड हेराल्ड घ्या, तिला खाली चॅसिस आहे, फ्लोअर उचकटला तरी गाडी जागची हलत नाही. जुन्या एमजी टीसीचा फ्लोअर तर प्लायवूडचाच. एमजीबी १९६२ ते १९८० पर्यंत ॲबिंग्डनला बनली ती अखंड पत्र्याच्या बॉडीवर, आणि रोडस्टरला, म्हणजे उघड्या गाडीला, वरून धरायला छतही नाही. पुढची आणि मागची चाकं एकमेकांना बांधून ठेवतात ती दोन सिल (दाराखालच्या पोकळ पेट्या), मधला टनेल (गिअरबॉक्सवरचा उंचवटा) आणि हा फ्लोअर. आधार न देता तो कापला की गाडी मधोमध बसते. बसलेली गाडी वेल्ड केली की ती कायमची तशीच. मग दार लागत नाही म्हणून लोक बिजागऱ्या ठोकत बसतात, आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

माझी सगळी नोकरी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात पत्र्यावर गेली. डब्याला गंज कुठे लागतो? संडासाखाली आणि दाराशी, जिथे पाणी मुरतं तिथे. म्हणून गाडीतही पत्र्याला हात लावण्याआधी मी पाण्याची वाट शोधतो. एमजीबीत पुढच्या काचेसमोर हवा घ्यायची जाळी आहे. तिच्यात पडलेलं पावसाचं पाणी एका रबरी नळीतून टनेलकडे खाली उतरतं. गाडी गुलमोहराखाली उभी राहत असेल तर त्याची बारीक पानं ही नळी हमखास तुंबवतात आणि पाणी पायाशी येतं. काचेचं रबर बघा. ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळतोय का बघा, ब्रेक ऑइल रंग सोलून काढतं आणि मग पत्रा उघडा पडतो. हे आधी दुरुस्त करा, नाहीतर नवा फ्लोअरही त्याच वाटेने जाईल.

आता सीट, कार्पेट, खालचं डांबरी पॅड, सगळं काढा. पॅडला हीट गनने ऊब दिली की ते पट्टी घालून सुटतं. मग बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या आणि फ्लोअर सिलला मिळतो ती कड इंचाइंचाने टोचत जा. चांगला पत्रा टणक लागतो. गेलेला पत्रा रंगाखाली दबतो, पापुद्रे सुटतात आणि टोक आरपार जातं. सध्या माझ्याकडे दादरच्या एका डॉक्टरांची १९६५ ची रोडस्टर आहे. तिच्या ड्रायव्हरकडच्या मागच्या कोपऱ्यात पूर्वी कुणीतरी फायबरची चादर चिकटवून वर लांबी (पुटी) भरली होती. वरून एकदम गुळगुळीत, खाली हाताने मोडेल असा पत्रा. अशी लांबी पूर्ण काढल्याशिवाय गंज कुठवर गेलाय ते कळत नाही. सिलही गेलं असेल तर त्याचं काम याच खेपेला धरा, बाहेरचं सिल शेवटी बसवा.

पत्रा दोन प्रकारे मिळतो. जुन्या गाड्यांचे पॅनल बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर हेरिटेजचे पॅनल मागवले तर भोकं आणि कडा बऱ्यापैकी जागेवर येतात, पण भाडं आणि ड्युटी धरून हिशोब करा. इथेच बनवायचा असेल तर १८ गेजचा सीआर (साधा, मुलामा नसलेला) पत्रा घ्या. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) नको, वेल्ड करताना त्यातल्या जस्ताचा धूर छातीत जातो. जुन्या फ्लोअरवर दाबलेल्या पन्हाळी असतात, त्या नव्या पत्र्यावरही काढून घ्या. सपाट पत्रा लचकतो आणि चालत्या गाडीत ढोलासारखा वाजतो.

आधाराचं काम मात्र घाई न करता करायचं. बॅटरीच्या तारा काढा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांना सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्या बाहेरच काढा. पेट्रोलची टाकी उतरवा. फ्लोअरखालून पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि बॅटरीची जाड केबल जाते, ती ठिणगीच्या वाटेतून दूर करा. आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा. मग गाडी सपाट जमिनीवर, पुढच्या क्रॉसमेंबरखाली (पुढच्या चाकांमधला आडवा तुळा) आणि मागे स्प्रिंगच्या पुढच्या हँगरपाशी घोड्या लावून ठेवा. दारं बंद करून फटी बघा. फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी आधीच बसलेली आहे. मधे जॅक लावून अगदी हळू उचला, फट सारखी होईपर्यंत. मगच एक इंची चौकोनी पाइप दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत आतल्या बाजूने पक्का करा, दार बंद होईल अशा बेताने, आणि दोन्ही बाजूंना जोडणारा एक आडवा पाइप घाला. दोन्हीकडचं व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, ९१ इंच यायला हवं. ओळंब्याने खुणा जमिनीवर उतरवून तिरकी मापंही घ्या आणि आकडे खडूने भिंतीवर मोठे लिहून ठेवा.

एका वेळी एकच बाजू. पहिली पूर्ण वेल्ड होईपर्यंत दुसरीला ग्राइंडर लावू नका.

कापताना कडेने इंचभर पट्टी सोडून मधला पत्रा आधी काढा. आता कडेवर हलका पॉलिश कागद मारा, स्पॉट वेल्डचे (कारखान्यातल्या ठिपक्याच्या जोडांचे) गोल ठिपके उठून दिसतात. स्पॉट कटरने वरचाच थर कापा, खालचा तसाच राहायला हवा. नागदेवी स्ट्रीटला हे कटर सहज मिळतात. पट्टी पातळ छिन्नीने उकलून निघते. सीटच्या नटांच्या जागा जुन्या पत्र्यावरून पुठ्ठ्यावर उतरवून घ्यायला विसरू नका, आणि सीटबेल्टच्या नटामागची जाड प्लेट नव्याने नीट बसवा. त्यावर माणसाचा जीव असतो.

नव्या पत्र्याच्या कडेला साधारण इंचाइंचावर सहा मिलिमीटरची भोकं पाडा. पत्रा क्लॅम्प आणि स्क्रूने बसवून दार पुन्हा लावून बघा, भिंतीवरचे आकडे पुन्हा ताडून बघा. मिळणाऱ्या दोन्ही कडांना जस्ताचा वेल्ड-थ्रू (ज्यावरून वेल्ड करता येतं असा) प्रायमर मारा, भोकाच्या आत मात्र पत्रा चकचकीत ठेवा. आपले बरेच डेंटर गॅस वेल्डिंग करतात, इतक्या मोठ्या पत्र्याला ते नको, उष्णतेने पत्रा लाटा घेतो. सीओटू मशीन (तार आणि गॅसवर चालणारं मिग वेल्डिंग), ०.८ मिलिमीटरची तार. टोक भोकाच्या मधोमध, खालच्या पत्र्यावर धरून सुरुवात करा, रस तळाला धरला की गोल फिरवत बाहेर या. एक टाका इथे, दुसरा दूरच्या टोकाला. पाणी ओतून थंड करू नका. माहीम-वरळीकडच्या उघड्या जागेत दुपारचा वारा गॅस उडवून लावतो आणि टाका जाळीदार होतो, तेव्हा ताडपत्रीचा आडोसा करा. हे काम जून-सप्टेंबरमध्ये काढूच नका, आपल्या हवेत उघड्या पत्र्यावर रातोरात तांबूस गंज येतो. त्या दिवशी घासलेल्या पत्र्याला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर.

जोडांवर सीम सीलर, खालून अंडरकोट, सिलच्या पोकळीत मेण. सिलच्या तळाची पाणी जायची भोकं सीलरने बुजली नाहीत ना, तार घालून बघा. दुसरी बाजूही झाली की पाइप कापा, गाडी चाकांवर उतरवा आणि दाराच्या फटी व व्हीलबेस शेवटचं मोजा. कार्पेटखाली जाड फेल्ट घालू नका, ते पाणी धरून ठेवतं. कार्पेट चिकटवूही नका. पावसाळ्यात ते उचलून बघता आलं पाहिजे.