‘पीसी चालू होईना’ असं ग्रुपवर लिहिण्याआधी

‘पीसी चालू होईना, कोणाला माहीत असेल तर सांगा.’ बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कॉम्प्युटरवेड्यांच्या कुठल्याही ग्रुपवर हा मेसेज नेमानं पडतो. कधी मराठीत, कधी ‘चालू आगवल्दु’ असा कन्नडात. भाषा कुठलीही असली तरी त्यातून कळत काहीच नाही. मग दहा जण दहा औषधं सुचवतात : रॅम काढून घाल, विंडोज मार, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदल, मदरबोर्ड गेला बघ. विचारणारा चिकोडीत नाहीतर कणकुंबीत बसलेला. त्यातला एखादा सल्ला मानून तो कॅबिनेट उचलतो, बसनं बेळगाव गाठतो, आणि दुकानात पहिल्या झटक्यात मशीन चालू होतं. भाडं गेलं, दिवस गेला, दोष जागच्या जागी.

तेव्हा आधी ‘होईना’ म्हणजे काय ते ठरवा. बटण दाबल्यावर काहीच हालचाल नाही? पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही? कंपनीचा लोगो दिसतो आणि पुढं जात नाही? की विंडोज येतं आणि मधेच बंद पडतं? हे चार वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. खालच्या तपासण्यांना एक स्टार स्क्रूड्रायव्हर, पांढरा मऊ खोडरबर आणि जमलं तर साधा मल्टिमीटर लागतो.

काहीच हालचाल नाही

भिंतीवरच्या स्विचबोर्डच्या सॉकेटमध्ये टेबल लॅम्प किंवा इस्त्री लावून बघा. स्पाइक गार्ड मधून काढा आणि वायर थेट भिंतीत लावा. एसएमपीएसच्या मागचा स्विच रेघेकडे दाबलेला हवा, गोलाकडे नव्हे. झाडू मारताना तो कितीदा दबला जातो हे विचारू नका. मग वायर काढून पॉवर बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा, परत वायर लावा आणि बघा. लॅपटॉपलाही हाच उपाय : चार्जर काढा, बटण तीस सेकंद धरा.

मदरबोर्डवर बारीक दिवा जळत असेल तर एसएमपीएस निदान स्टँडबायचे (मशीन बंद असतानाही मिळणारे) ५ व्होल्ट तरी देतोय. मग संशय कॅबिनेटच्या बटणावर घ्यायचा. बटणाची दोन पिनांची वायर बोर्डवरून काढा आणि त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडा. मशीन चालू झालं तर बोर्ड ठीक आहे, बटण खराब आहे. तोवर रीसेटचं बटण त्या पिनांवर लावून काम भागतं.

दिवाच नसेल तर एसएमपीएस एकटा तपासा. आधी भिंतीतली वायर काढा, मग बोर्ड, डिस्क, कार्ड यांना गेलेल्या सगळ्या वायरी सोडवा. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये एकच हिरवी तार असते. ती आणि शेजारची काळी तार वाकवलेल्या पेपर क्लिपनं जोडा, मग भिंतीत वायर लावून स्विच द्या. पंखा फिरला तर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून मोजा : पिवळी तार ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. आकडा या हद्दीबाहेर असेल तर एसएमपीएस गेला समजा. मात्र आकडे बरोबर आले म्हणून तो चांगला ठरत नाही, कारण इथं त्याच्यावर लोडच नाही. ग्राफिक्स कार्डानं जोर मागितल्यावर मान टाकणारे एसएमपीएस या परीक्षेत आरामात पास होतात. काही नव्या मॉडेलांत कमी लोडवर पंखा फिरतच नाही, म्हणून पंख्यापेक्षा मीटरवर भरवसा ठेवा. सगळ्या तारा काळ्या असतील तर हिरवी कुठली याचा अंदाज बांधू नका, त्या मॉडेलचा नकाशा शोधा.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. आत पाल किंवा मुंग्या गेल्याचं दिसलं तरी ते काम रिपेअरवाल्याचं.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, म्हणून क्रम पाळा.

पहिल्यांदा कीबोर्डवर नम लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? होत असेल तर मशीन आतून जागं आहे आणि अडचण मॉनिटर, वायर किंवा ग्राफिक्सकडे आहे. रॅमला हात लावायची गरज नाही. एवढी एक ओळ मेसेजात लिहिली की निम्मे सल्ले आपोआप बाद होतात.

मग मॉनिटरची वायर कुठं लावली आहे ते बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डाला हवी, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला नव्हे. कार्ड काढून तपासायचं असेल तर प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स आहे का ते आधी पाहा. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर नाही. एएमडीत रायझन ५६००ला नाही, ५६००जीला आहे, आणि ७००० मालिकेपासून बहुतेकांना आहे. हे न बघता ‘कार्ड काढून बघ’ म्हणणारा आणि काढून ‘तरी डिस्प्ले नाही’ म्हणणारा, दोघंही तासभर वारा मोजत बसतात.

नम लॉक मेलेला असेल तर रॅम. पावसाळ्यात खानापूर-जांबोटी पट्ट्यात आठ-आठ दिवस ओल हटत नाही. बंद पडून राहिलेल्या मशीनमध्ये रॅमच्या आणि स्लॉटच्या पट्ट्यांवर पातळ थर धरतो आणि संपर्क तुटतो. रॅम ‘गेली’ असं वाटतं, असते मळलेली. भिंतीतली वायर काढा, पॉवर बटण दाबून उरलेला करंट उतरवा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, मग रॅम काढा. सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर हलक्या हातानं फिरवा, चुरा कोरड्या ब्रशनं पूर्ण झाडा. सँडपेपर किंवा ब्लेड लावलं की सोन्याचा मुलामाच निघतो आणि पुढच्या पावसात दुखणं दुप्पट होतं. स्लॉटमध्ये पाण्याचा अंश नसलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, अत्तर किंवा सॅनिटायझर नाही.

आता एकच रॅम लावा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये. ‘खट्’ आवाज येईपर्यंत सरळ दाबा. अर्धवट बसलेली रॅम हे फार जुनं आणि फार सामान्य कारण आहे. एक चालली नाही तर दुसरी, त्याच स्लॉटमध्ये. दोन्ही चालल्या नाहीत तर स्लॉट बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर कशानं झालं ते कळत नाही आणि महिन्यानं तोच दोष परत उभा राहतो.

बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून विंडोज सुरू होणं). चालू होताना ते एकेक लागून विझतात. ज्याच्यावर मशीन अडकतं तो दिवा लागून राहतो. त्याचा व्हिडिओ काढा. दिवे नसतील आणि बीपचा आवाज येत असेल तर किती लांब, किती आखूड ते मोजा आणि बायॉसची (मशीन चालू होताच बोर्डवर सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामची) कंपनी सांगा, कारण बीपचा अर्थ कंपनीगणिक बदलतो.

सीमॉसचा सेल, म्हणजे बायॉसची सेटिंग आणि घड्याळ राखणारा बोर्डवरचा नाण्यासारखा सेल, काढून पाच मिनिटं ठेवणं हा पुढचा उपाय. पण विंडोजची डिस्क बिटलॉकरनं (विंडोजच्याच कुलपानं) बंद असेल तर त्यानंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, तेव्हा ती फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आधी शोधून लिहून ठेवा. सेल सीआर२०३२, नवा ३ व्होल्टचा. मीटरवर २.७च्या खाली दिसला तर बदलून टाका. रोज तारीख मागं जाते आणि ब्राउझर सगळ्याच साइटना असुरक्षित म्हणतो, हेही याच सेलचं दुखणं. डीडीआर५च्या (नव्या पिढीच्या रॅमच्या) मशीनवर सेल काढल्यावर किंवा रॅम बदलल्यावर पहिल्यांदा पाच-दहा मिनिटं काळा पडदा राहू शकतो. बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. घाबरून बटण दाबलं की ते काम पहिल्यापासून सुरू होतं.

आणखी एक. प्रोसेसरजवळची आठ पिनांची वायर आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला भावंडं, पण वेगळी. एका एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नका. त्या टोकाच्या पिनांची मांडणी कंपन्या आपापल्या मर्जीनं करतात, आणि डिस्क जळते ती इथं.

लोगोपाशी अडकतं

बायॉसमध्ये जाऊन डिस्क दिसते का बघा. दिसत नसेल तर साटा वायर (डिस्क बोर्डला जोडणारी) आणि पोर्ट बदला. दिसत असेल तर डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) वाचा : क्रमांक ५, १९७ आणि १९८ समोरचे आकडे वाढत असतील तर डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे, आधी फोटो-कागदपत्रं दुसरीकडे काढा आणि मग चर्चा करा. १९९ समोरचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा वायरचा, डिस्कचा नाही.

मधेच बंद पडतं

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ सापडलं की लोक तेच कारण समजून ग्रुपवर टाकतात. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद झालं. का, ते त्यात नसतं. त्यापेक्षा तापमान बघा. काम सुरू करताच प्रोसेसर ९५ अंशांकडे धावत असेल तर प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे किंवा त्यावरच्या हीटसिंकमध्ये (पंख्याखालच्या धातूच्या पात्यांत) धूळ बसली आहे. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग खराब होतं. विंडोज कोसळल्याचा निळा पडदा चुकीच्या वेगवेगळ्या नावांनी येत असेल तर मेमटेस्टच्या (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामच्या) चार फेऱ्या रात्रभर चालू द्या. एक चूक दिसली तरी रॅम नापास.

तापमान बरोबर, रॅम बरोबर, आणि बंद पडणं फक्त लाइट गेल्यावर किंवा डिम झाल्यावर होतं? मग कॅबिनेट सोडा, इन्व्हर्टरकडे बघा. लाइट गेल्यापासून बॅटरीवर येईपर्यंतचा वेळ एसएमपीएसनं स्वतःच्या साठ्यावर काढायचा असतो, आणि चांगल्या एसएमपीएसचा साठाही भरल्या लोडवर १६-१७ मिलिसेकंदांचा. घरच्या इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस आणि इको असे दोन मोड असतात. पंखे-दिव्यांसाठी इको पुरतो, कॉम्प्युटरला यूपीएस मोड लावा, त्यात बदल झटपट होतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लाट न देणारा) असेल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे (वीज खेचणं सुधारणारं सर्किट असलेले) एसएमपीएस त्यावर रुसतात. तिथं साइन वेव्हच घ्यावा. पाठीमागं ११५/२३० व्होल्ट असा लाल स्विच असलेले स्वस्त एसएमपीएस कमी व्होल्टेजला लवकर हार मानतात. १०० ते २४० लिहिलेले जास्त तग धरतात.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलं आहे. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तिसरी पिन नुसती शोभेची असते. वायरमनला बोलावून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजून घ्या. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. तोवर लॅन कार्ड किंवा यूएसबी पोर्ट गेल्याची तक्रार ग्रुपवर करण्यात अर्थ नाही.

आता मेसेज

सगळं एकाच मेसेजात. ‘हॅलो’, ‘कोणी आहे का’, ‘सर एक शंका’ अशी उतरंड रचू नका. काय दिसलं ते लिहा, काय वाटतं ते शेवटी. ‘बोर्ड गेलाय, कुठला घेऊ’ हा प्रश्न नव्हे, निकाल आहे. असा हवा :

‘डेस्कटॉप. बोर्ड बी४५०एम, रायझन ५ ३६००, रॅम ८+८ डीडीआर४, जीटीएक्स १६५०, एसएमपीएस ४५० वॅट, सगळं सहा वर्षांचं. परवा रात्री पावसात लाइट तीनदा गेली-आली. त्यानंतर पंखे फिरतात, डिस्प्ले नाही, नम लॉक लागत नाही, डीरॅमचा दिवा लागून राहतो. दोन्ही रॅम पुसून एकेक करून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावल्या. एकीवर चालू होतो, दुसरीवर नाही. खानापुरात कोणाकडे डीडीआर४चा बोर्ड आहे का, ही दुसरी रॅम लावून बघायला?’

‘आमचा जुना पीसी’ यावरून कोणी काही सांगू शकत नाही. मॉडेल नंबर बोर्डवर छापलेला असतो, वॅट एसएमपीएसच्या स्टिकरवर. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, एक पूर्ण आणि एक जवळून काढा. पडद्यावरची चूक मराठीत समजावून सांगू नका, जशीच्या तशी द्या. मराठी, कन्नड, हिंदी, तिन्हीवाल्यांना ती सारखीच वाचता येते.

फोटोतून सिरियल नंबर, विंडोजची की, बिटलॉकरची की आणि बिलावरचा पत्ता झाका. ‘एनीडेस्क (दुरून मशीन चालवायचा प्रोग्राम) टाका दादा, मी बघतो’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला मशीन देऊ नका, तो कितीही गोड बोलला तरी. उत्तर देणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावं : आधीच्यानं सांगितलेलं करून होईपर्यंत नवा उपाय सोडायचा नाही.

काम झालं की त्याच मेसेजला रिप्लाय करून लिहा. ‘झालं, थँक्स’ एवढंच नको. ‘दुसरी रॅम गेली होती, वॉरंटीत दिली’ असं लिहा, म्हणजे पुढचा माणूस शोधेल तेव्हा त्याला सापडेल. रॅमला बऱ्याच कंपन्यांची वर्षानुवर्षांची वॉरंटी असते, पण स्टिकर फाटलेला किंवा खरवडलेला असला की दुकानदार हात वर करतो. खोडरबर पट्ट्यांवरच फिरवा, स्टिकरवर नको.