अमेरिकेत अंत्यविधीबाहेर निदर्शक येणार असतील तर काय करावं

घरातलं माणूस गेलं आहे आणि अंत्यविधीच्या वेळी बाहेर कुणी फलक घेऊन उभं राहणार आहे, असं कळलं की चारी बाजूंनी दोनच सल्ले येतात. ‘पोलिसांना सांगा, हाकलून देतील’ आणि ‘कोर्टात खेचा’. अमेरिकेत हे दोन्ही सल्ले कुचकामी आहेत. त्यांच्यामागे धावण्यात हातातले दोन-तीन दिवस निघून जातात आणि ज्या गोष्टी खरंच करता आल्या असत्या त्या राहून जातात.

भारतातून आलेल्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 प्रमाणे भावना दुखावण्याच्या हेतूने अंत्यसंस्काराला जमलेल्यांना त्रास देणं हा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. अमेरिकेत ‘भावना दुखावल्या’ हा मुद्दा पोलिसांपुढे चालत नाही आणि न्यायालयापुढे तर नाहीच. फलकावर काय लिहिलं आहे ते तुम्हाला थांबवता येत नाही. ते लोक किती अंतरावर, किती वाजता आणि किती आवाज करत उभे राहतील, एवढंच बांधता येतं. उरतो तो प्रश्न घरच्यांच्या नजरेस काय पडतं याचा, आणि तो कायद्याने सुटत नाही, तुमच्या आखणीने सुटतो.

यातला मुख्य खटला म्हणजे स्नायडर विरुद्ध फेल्प्स. मार्च 2006 मध्ये इराकमध्ये मारल्या गेलेल्या मॅथ्यू स्नायडर या सैनिकाचा अंत्यविधी मेरीलँडमधल्या वेस्टमिन्स्टरला होता. कॅन्ससमधल्या टोपीका गावच्या वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्चचे सात जण तिथे आले. सैनिकांच्या मृत्यूबद्दल देवाचे आभार मानणारे त्यांचे फलक होते. वडिलांनी दावा लावला, ज्यूरीने 1 कोटी 9 लाख डॉलर भरपाई ठरवली, न्यायाधीशांनी ती 50 लाखांवर आणली, अपील न्यायालयाने सगळीच रद्द केली. 2 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही 8 विरुद्ध 1 मतांनी निदर्शकांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ॲलिटो एकटे विरोधात होते. कारण असं दिलं की फलकांचा विषय सार्वजनिक होता, जागा सार्वजनिक होती, आणि निदर्शकांनी पोलिसांच्या सगळ्या सूचना पाळल्या होत्या. मात्र अंतर आणि वेळ यांवर नियम करता येतात, हेही त्याच निकालात मान्य केलं आहे. पुढचं सगळं काम त्या एका वाक्याच्या आधाराने करायचं आहे.

1. एक माणूस नेमा

आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नकोत. चुलतभाऊ, ऑफिसमधला मित्र, मंडळातलं कुणी चालेल. पोलिस, फ्युनरल होम (अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणारी खाजगी संस्था) आणि वकील यांच्याशी फक्त त्यानेच बोलायचं.

2. वेळ आणि पत्ता आवरता ठेवा

वर्तमानपत्रातल्या किंवा फ्युनरल होमच्या संकेतस्थळावरच्या निधनवार्तेत वेळ टाकू नका, ती फोनवर कळवा. व्हॉट्सॲपवर पत्ता टाकलात तर तो फिरणारच, असं धरूनच चाला.

3. खाजगी जागेचा फायदा घ्या

आपल्याकडचे बहुतेक अंत्यविधी इथे फ्युनरल होममध्ये किंवा त्याच्या दाहगृहात होतात. ती इमारत, तिचं पार्किंग आणि समोरची हिरवळ ही खाजगी मालमत्ता आहे. तिथे पाऊल टाकणाऱ्याला बाहेर काढता येतं, मग त्याच्या फलकावर काहीही असो. मालकाकडून आधीच सहीचं पत्र घ्या की परवानगीशिवाय आत येणाऱ्याला पोलिसांनी काढावं. ऐन वेळी मालकाला शोधत बसावं लागत नाही. पदपथ मात्र सार्वजनिक असतो. पदपथ कुठे संपतो आणि हिरवळ कुठे सुरू होते, ते आदल्या दिवशी जाऊन डोळ्यांनी पाहून घ्या.

4. नियम शोधा, मोजा आणि नकाशावर काढा

सगळी गफलत होते ती इथेच. इंटरनेटवर ‘300 फुटांचा नियम आहे’ असं वाचून लोक निर्धास्त होतात. देशभर लागू असा एकच नियम नाही. स्नायडर निकालात नोंदवल्याप्रमाणे तेव्हाच 44 राज्यांत आणि केंद्र पातळीवर असे कायदे होते, पण प्रत्येकाचं माप वेगळं. आधी राज्याचा कायदा पाहा, मग शहराचा. शहराच्या ‘सिटी क्लार्क’च्या कार्यालयात फोन करून ‘फ्युनरल पिकेटिंगचा (अंत्यविधीबाहेरच्या निदर्शनांचा) नियम आहे का’ एवढं विचारलं तरी उत्तर मिळतं. मृत व्यक्ती सैन्यात असेल किंवा पूर्वी कधी असेल, तर केंद्राचा कायदाही लागू होतो. निवृत्त सैनिकांच्या बाबतीत हे फार जण विसरतात.

कलम हातात आलं की त्यातून चार उत्तरं काढा. किती फूट? कुठून मोजायचे? किती वाजेपासून किती वाजेपर्यंत? आणि नेमकं काय करायला बंदी आहे?

ओहायोत अंतर 300 फूट आणि वेळ विधीच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत. हा कायदा सहाव्या विभागाच्या (सर्किटच्या) केंद्रीय अपील न्यायालयात 2008 मध्ये टिकला. मिसूरीतल्या मँचेस्टर शहराचा तसाच 300 फुटांचा नियम आठव्या विभागाच्या अपील न्यायालयाने 2012 मध्ये उचलून धरला. नेब्रास्कात 500 फूट आहेत, आणि वेळ विधी सुरू होण्याच्या एक तास आधीपासून सुरू झाल्यानंतर दोन तासांपर्यंत. तोही 2017 मध्ये टिकला. केंद्राच्या 2012 च्या कायद्यात दोन मापं आहेत: गोंगाट किंवा व्यत्यय आणणाऱ्यांसाठी 300 फूट, आणि येण्याजाण्याची वाट अडवणाऱ्यांसाठी 500 फूट. वेळ मात्र दोन्हींना सारखीच, विधीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत.

‘कुठून मोजायचे’ हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. केंद्राच्या कायद्यात 300 फूट मोजायचे ते विधीच्या जागेची हद्द आणि आत-बाहेर जाण्याचा रस्ता जिथे मिळतात त्या बिंदूपासून. इमारतीच्या दारापासून मोजलंत तर मोठ्या पार्किंगमुळे शंभर-दीडशे फुटांचा फरक सहज पडतो, आणि पोलिस अधिकाऱ्याने तुमचा नकाशा एकदा चुकीचा ठरवला की पुढचं काही तो ऐकत नाही. उपग्रह नकाशावर मोजपट्टी लावा. 300 फूट म्हणजे सुमारे 91 मीटर, 500 फूट म्हणजे सुमारे 152 मीटर. कलमात सांगितलेल्या बिंदूपासून किंवा हद्दीपासून वर्तुळ काढा आणि छापून घ्या.

आता दुसरी चूक, पहिलीपेक्षा जास्त दुखावणारी. स्नायडर प्रकरणात निदर्शक चर्चपासून सुमारे 1000 फुटांवर होते. आजच्या कुठल्याही 300 किंवा 500 फुटांच्या नियमाप्रमाणेही त्यांचं तिथे उभं राहणं कायदेशीरच ठरलं असतं. तरीही वडिलांना फलकांची वरची टोकं दिसलीच, कारण अंत्ययात्रेच्या गाड्या निदर्शकांपासून 200 ते 300 फुटांवरून गेल्या. चर्च दूर होतं, रस्ता जवळ होता.

रस्त्याला कायदा वाचवेल या आशेवर राहू नका. चालत्या अंत्ययात्रेभोवती फिरतं वर्तुळ आखण्याचा प्रयत्न ओहायोने केला होता. तो भाग खालच्याच न्यायालयात पडला, कारण गाड्या पुढे सरकतील तसं वर्तुळ सरकतं आणि आपण त्याच्या आत आहोत की बाहेर हे उभ्या माणसाला कळू शकत नाही. त्यामुळे रस्ता तुम्हीच निवडायचा. फ्युनरल होमच्या व्यवस्थापकाला दुसरं फाटक किंवा मागची वाट विचारा. निदर्शकांची जागा पोलिसांकडून कळली की गाड्यांचा मार्ग तिच्या उलट बाजूने ठरवा आणि तो प्रत्येक चालकाला लेखी द्या. एक गाडी जरी जीपीएसच्या भरवशावर गेली तरी ती नेमकी फलकांसमोरून जाणार. वडील किंवा आई त्याच गाडीत असतील तर सगळी तयारी फुकट.

काही जण सांगतात की 2014 मध्ये मॅसॅच्युसेट्समधलं 35 फुटांचं अंतर सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, तेव्हा 300 फूट टिकणं शक्यच नाही. हा युक्तिवाद अर्धवट आहे. तो नियम गर्भपात केंद्रांबाहेरचा होता, केंद्र उघडं असेल तेवढा सगळा वेळ, रोज लागू होता आणि पदपथावर शांतपणे बोलणाऱ्यालाही अडवत होता. अंत्यविधीचा नियम काही तासांपुरता आणि एका प्रसंगापुरता असतो, म्हणून तो टिकतो. म्हणूनच दिवसभराची किंवा मैलभराची बंदी मागू नका. जास्त मागितलंत तर हातातलं तेवढंही जाईल.

5. पोलिसांकडे नेमकं मागा

आणीबाणीचा नव्हे, साधा क्रमांक फिरवा आणि त्या दिवशीच्या ड्युटी सुपरवायझरची भेट मागा. कलम, नकाशा, मालकाचं पत्र आणि विधीची वेळ, हे चार कागद द्या. निदर्शकांनी काही कळवलं आहे का ते विचारा. असे गट बहुधा आधी सांगून येतात, वेस्टबरो तर आपलं वेळापत्रक स्वतःच जाहीर करतं. जाहीर केलं म्हणजे येतातच असंही नाही, पण तयारी पूर्ण ठेवायची. लाऊडस्पीकर आणणार असतील तर शहराचा आवाजाचा नियम काय आहे तेही तिथेच विचारा.

‘तो अमुक फलक काढायला लावा’ ही मागणी कधीही करू नका. अधिकाऱ्याने भिडेखातर ती ऐकली तर मजकूर पाहून कारवाई केल्याचा दावा शहरावर येतो. शहर हरलं की समोरच्यांच्या वकिलाची फीसुद्धा शहराला भरावी लागू शकते. वेस्टबरोच्या मंडळींत वकील भरपूर आहेत. सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू संस्थापकाच्या मुलीनेच मांडली होती.

6. माणसांचा पडदा उभा करा

ऑक्टोबर 1998 मध्ये वायोमिंगमधल्या मॅथ्यू शेपर्ड या विद्यार्थ्याची हत्या झाली. 1999 मध्ये तिथल्या लॅरमी गावात आरोपीच्या खटल्याच्या वेळी शेपर्डच्या मैत्रिणीने आणि मित्रांनी प्लास्टिकच्या नळ्या आणि पांढऱ्या चादरींचे मोठे पंख करून निदर्शकांकडे पाठ फिरवली, आणि एक शब्दही न बोलता फलक झाकून टाकले. 2016 मध्ये ऑरलँडोच्या गोळीबारानंतरच्या अंत्यविधींनाही असेच पंख दिसले. सैनिकांसाठी पेट्रियट गार्ड रायडर्स हा मोटरसायकलस्वारांचा गट 2005 पासून ध्वज घेऊन उभा राहतो, तोही कुटुंबाने बोलावलं तरच.

पडदा निदर्शकांच्या नाकासमोर लावू नका. तिथे तो फलकांइतका उंच लागतो आणि धक्काबुक्की होते. आपल्या माणसांच्या जवळ, खाजगी हिरवळीवर, दार आणि गाडी यांच्यामध्ये लावा. डोळ्याच्या जवळचा छोटा पडदाही दूरचं बरंच काही झाकतो. वारा असेल तर चादरी नकोत, मोठ्या काळ्या छत्र्या पुरतात. घोषणा, गाणी, इंजिनांचा आवाज अजिबात नको. अंतराचा नियम निदर्शकांचा पक्ष पाहत नाही, गोंगाट केलात तर तोच नियम तुमच्यावरही लागेल. आणि तो आवाज सर्वात आधी आतल्या माणसांच्या कानावर पडतो.

7. त्या दिवशी

कुणी फलकाला हात लावायचा नाही. फलक फाडणारा तरुण भाचा अटक होतो आणि बातमी त्याची होते. एकाने लांबून, वेळ दिसेल असं सलग चित्रीकरण करायचं. घरच्यांना त्या रात्री टीव्ही आणि फोनपासून दूर ठेवा. स्नायडर यांच्या वडिलांना फलकांवरचा मजकूर कळला तो त्याच रात्रीच्या बातम्यांतून.

8. निदर्शक घरासमोर आले तर

इथे कायदा कुटुंबाच्या बाजूने जास्त भक्कम आहे. विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्ड शहराने एकाच घराला लक्ष्य करून निदर्शनं करायला बंदी घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये टिकवली. तुमच्या शहरात तसा नियम आहे का ते पाहा. सैनिकांच्या बाबतीत केंद्राच्या कायद्यात जवळच्या नातेवाइकांचं घरही येतं.

9. दावा लावायचा का?

मानसिक त्रासाचा दावा सार्वजनिक विषयावरच्या फलकांविरुद्ध लावू नका. स्नायडर यांच्या वडिलांना अपिलात हरल्यावर समोरच्यांचा 16,510 डॉलरचा खर्च भरण्याचा आदेश झाला होता. कुणी तुमच्या हद्दीत घुसलं, खरीखुरी धमकी दिली किंवा अंतराचा नियम मोडला, तर ते वेगळं, आणि तिथे तुमचं चित्रीकरण कामी येतं. कुटुंबाबद्दल खोटं विधान तथ्य म्हणून पसरवलं तर बदनामीचा दावा उभा राहतो. सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडात मुलं गमावलेल्या पालकांना ‘नटमंडळी’ ठरवणाऱ्या ॲलेक्स जोन्सविरुद्ध कनेटिकटच्या ज्यूरीने 2022 मध्ये 96.5 कोटी डॉलर भरपाई ठरवली ती याच मुद्द्यावर. ‘देवाने तुम्हाला शिक्षा केली’ हे मत झालं, त्यावर दावा चालत नाही. ‘हा मुलगा मेलेलाच नाही, आईबाप खोटं बोलत आहेत’ हे तथ्याचं विधान आहे, ते खोटं ठरवता येतं. वकिलाकडे जाताना नेमकं वाक्य, तारीख आणि ते कुठे प्रसिद्ध झालं याची प्रत घेऊन जा. आणि लवकर जा: न्यूजर्सी, न्यूयॉर्क, टेक्सस आणि कॅलिफोर्नियात बदनामीच्या दाव्याची मुदत एकच वर्ष आहे.